अठ्ठेचाळिसाव्या वर्षी फुग्याच्या बाह्या

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीचं वय ४८, नोकरी जिल्ह्याच्या गावी सरकारी कार्यालयात, अधिकारी म्हणून. गेली पंचवीस वर्षं पोशाख ठरलेला आहे. फिकट सुती साड्या, नाहीतर कॉलरचे गडद कुर्ते. कॉलेजच्या दिवसांत त्या एका अभ्यासगटात जायच्या. बाई म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, हे तिथे मनावर पक्कं ठसलं आणि मुलीलाही त्यांनी तसंच वाढवलं. गेल्या वर्षभरात मात्र रात्री मोबाइलवर पॅरिस-मिलानच्या रॅम्पचे व्हिडिओ बघायचा नाद लागला आहे. झालरी, लेस, मोती लावलेल्या कॉलरी, तलम शिफॉन, गळ्याशी रेशमी बो. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी ६,४०० रुपये मोजून एक ड्रेस मागवला. ऑफव्हाइट, फुग्याच्या बाह्या, खाली तीन थरांची झालर, लेसची कॉलर आणि गळ्याला भलामोठा बो. तो लेबलसकट कपाटात आहे. एकदाच घालून खोलीबाहेर आल्या, तर एकोणीस वर्षांची लेक म्हणाली, "आई, तू बाहुली कशाला होतेयस?" ऑफिसात नुसती लेस लावलेली ओढणी घेतली, तर शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "मॅडम, आज कुणाचं लग्न?" डिसेंबरात दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे आणि तिथे तो ड्रेस घालायचा मनात आहे. त्यांचे प्रश्न तीन. या वयात हे हास्यास्पद दिसेल का? आजवर जे मानलं, त्याच्याशी ही प्रतारणा नाही का? आणि पुढच्या सीझनला फॅशन बदलणारच असेल, तर हा खर्च म्हणजे मूर्खपणा नाही का? पत्राच्या शेवटी कंसात एक वाक्य आहे: "लहानपणी मावशीने असाच एक फ्रॉक शिवला होता, पण आईने तो मामेबहिणीला देऊन टाकला. म्हणाली, तू अंगाने भरलेली, सावळी, तुला साधंच शोभतं."

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तीन प्रश्न दिसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कंस दिसला. चार पानांच्या पत्रात पॅरिस आहे, मिलान आहे, अभ्यासगट आहे, लेक आहे, आणि आईचं ते वाक्य तेवढं कंसात, जणू जाता जाता आठवलं म्हणून लिहिलेलं. मला वाटतं पत्र तिथूनच सुरू होतं.

म्हणून आधी एक विचारते. साध्या कपड्यांचा तुमचा आग्रह अभ्यासगटातून आला, असं तुम्ही म्हणता. आला असेलही. पण त्याच्या दहा-बारा वर्षं आधी तो फ्रॉक घरातून गेलेला होता. 'मला शोभत नाही' हे दुखरं वाक्य घेऊन एक मुलगी मोठी होते आणि विशीत तिला 'शोभायचं कशाला?' हे ताठ मानेचं वाक्य मिळतं. दुसरं वाक्य पहिल्यावर इतकं चपखल बसतं की खालचं दिसेनासं होतं. तुमचे विचार खोटे होते, असं मी म्हणत नाही. ते खरेच होते आणि त्यांनी तुम्हाला उभं केलं. फक्त तुमच्या कपाटातली प्रत्येक फिकट साडी त्या विचारांनी घेतली की त्यातल्या काही आईच्या वाक्याने घेतल्या, हे एकदा तपासून बघा. हे मी तुमच्या आईवर ठपका ठेवायला लिहीत नाही. त्या पिढीच्या बायकांनी मुलीला लोकांच्या बोलण्यापासून वाचवायचं म्हणून आधी स्वतःच बोलून घेतलं. माझ्याकडेही असं एक वाक्य आहे, रुंद पायांबद्दलचं. मी अजून नाजूक चप्पल घेत नाही.

दुसरी शंका पॅरिसबद्दल. तुम्ही लिहिता, रॅम्पवर हे सगळं दिसायला लागलं म्हणून आवडायला लागलं. पण आवड तर चौथी-पाचवीतली आहे. पॅरिसने आवड दिली नाही, परवानगी दिली. मोठ्या फॅशन-घरांनी (म्हणजे कपड्यांच्या बड्या कंपन्यांनी) झालर लावली म्हणजे झालर गंभीर गोष्ट झाली, आता एखाद्या अधिकारी बाईलाही ती घालता येईल, असा तो हिशोब. मला त्यात चूक दिसत नाही. परवानगी कुठूनही मिळो. पण ती कोण देतं आणि कशासाठी देतं, हे ठाऊक असलेलं बरं, कारण तीच घरं दोन वर्षांनी ती काढून घेणार आहेत.

कशासाठी देतात, याचा सगळ्यात गाजलेला नमुना १२ फेब्रुवारी १९४७ चा आहे. त्या दिवशी पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर ख्रिस्तियाँ दिओर यांनी आपला पहिला संग्रह दाखवला. आवळलेली कंबर, उतरते खांदे, पोटरीपर्यंत येणारा प्रचंड घेर. संग्रहातल्या एका धाटणीचं नाव होतं 'कोरोल', म्हणजे आपण शाळेत जीवशास्त्रात शिकलो तो दलपुंज, फुलाच्या पाकळ्यांचं मंडळ. बाई म्हणजे उमललेलं फूल. 'हार्पर्स बझार' या अमेरिकन फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लुक' म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. दुसरं महायुद्ध संपून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, ब्रिटनमध्ये कपडे कुपनांवर मिळत होते, आणि इथे एकेका स्कर्टला कित्येक मीटर कापड. पॅरिसच्या र्‍यू लेपिक बाजारात या कपड्यांचे फोटो काढायला गेलेल्या मॉडेलचे कपडे तिथल्या बायकांनी ओढून फाडले. दिओर अमेरिकेला गेले तेव्हा शिकागोत बायका निषेधाचे फलक घेऊन उभ्या राहिल्या. आणि या सगळ्याला पैसा कुणाचा? मार्सेल बुसाक यांचा, म्हणजे फ्रान्समधल्या सगळ्यात बड्या कापड गिरणीमालकांपैकी एकाचा. जास्त घेर म्हणजे जास्त कापड. पाकळ्यांच्या मागे गिरणी होती.

म्हणजे तुमच्या लेकीच्या बोलण्यात तथ्य आहे. ते बाजूला सारू नका. युद्धात कारखाने चालवलेल्या बायकांना पुन्हा फूल व्हायला सांगणारा तो पोशाख होता. आतून ताठ पट्ट्या घातलेली, कंबर आवळणारी चोळी होती, तिच्यात पोटभर श्वास घेणं अवघड. आजच्या 'कोकेट' म्हणवणाऱ्या, केसांपासून बुटांपर्यंत बो बांधलेल्या फॅशनमध्येही पोरकटपणाचा एक सूर आहेच. मोठ्या बाईने लहान मुलगी दिसावं, ही अपेक्षा मलाही खटकते. आणि रॅम्पवर या झालरी ज्या अंगांवर फिरतात, ती अंगं अजूनही बहुतेक एकाच मापाची असतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच पॅरिसमध्ये १९५२ साली गाबी आगियों नावाच्या, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात जन्मलेल्या बाईने 'क्लोए' हे फॅशन-घर सुरू केलं. त्या काळातल्या ताठ, आखडलेल्या पोशाखांना त्या कंटाळल्या होत्या. त्यांनी मऊ सुती पॉपलिनचे, अंगावर सहज पडणारे, तयार मिळणारे कपडे केले. तेही नाजूकच, तेही स्त्रैणच, पण आतून आवळणारं काही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेमेना कमाली यांनी याच घरासाठी आपला पहिला संग्रह दाखवला, तरंगती शिफॉन आणि झालरीचे ब्लाउज घेऊन. तुम्ही रात्री बारा वाजता जे व्हिडिओ बघता त्यातले बरेच त्या लाटेतले असणार. लंडनमध्ये डिझायनर सिमोन रोशा गेली कित्येक वर्षं मोती, बो आणि जाळी हेच घेऊन काम करतात, पण त्यांचे ते काळे, अवजड, थोडे भुतासारखे झगे बघितले की बाहुली आठवत नाही. आठवलीच तर बाहुलीची मालकीण आठवते. स्वतः दिओरच्या घरात २०१६ साली पहिल्यांदा एक बाई मुख्य झाली, मारिया ग्राझिया क्युरी. पहिल्याच शोमध्ये त्यांनी छातीवर स्त्रीवादाची घोषणा छापलेला साधा पांढरा टी-शर्ट आणि खाली तलम जाळीचा लांब स्कर्ट असा जोड दाखवला. घोषणा आणि जाळी एकाच अंगावर. तो टी-शर्ट सातशे डॉलरच्या आसपास विकला गेला, तेव्हा हसायचं असेल तर जरूर हसा. मी हसले होते. तरीही त्या जोडाने विचारलेला प्रश्न तुमचाच आहे.

आता 'प्रतारणा' या शब्दाकडे येते. एवढा मोठा शब्द वापरलात, म्हणून जरा मागे जाऊ. झालर, लेस, फुलांचा छापा यांत बाईपण आहे असं आपण धरून चालतो. ते त्यांत मुळातच होतं का? सतराव्या शतकात फ्रान्समधले सरदार गळ्याला, मनगटांना, अगदी बुटांच्या वरच्या काठालाही लेस लावत. व्हेनिसची लेस इतकी खपायची की देशातला पैसा बाहेर जाऊ नये म्हणून चौदाव्या लुईचे मंत्री कोल्बेर यांनी १६६५ मध्ये फ्रान्समध्येच लेसचे सरकारी कारखाने काढले. तेव्हा लेस म्हणजे दुबळेपणा नव्हता, लेस म्हणजे सत्ता. पुढे पुरुषांनी काळे-करडे कोट चढवले आणि लेस बायकांच्या वाट्याला ठेवली, मग ती 'नाजूक' झाली. तुमच्या ऑफिसातल्या शेजारच्या टेबलाला हे सांगायची गरज नाही, पण मनात असू द्या.

फुलांचा छापा तर आणखी जवळचा. युरोपात रोमँटिक फॅशन म्हटलं की बारीक फुलांची जी कापडं समोर येतात, त्यांचा 'चिंट्झ' हा शब्द आपल्या 'छीट' या शब्दाचा भाऊ. आजीच्या तोंडचं 'छिटाचं परकर-पोलकं' तेच हे. कोरोमंडल किनाऱ्यावरून हे छापील, रंग न जाणारं सुती कापड युरोपात पोचलं आणि लोक असे वेडे झाले की तिथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी ओरड केली. फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत चालली. पुढे १७८३ मध्ये फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं एक चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं. अंगात रेशीम नाही, साधा पांढरा मलमलचा झगा, गळ्याला चुण्या, कमरेला रुंद पट्टा. लोक खवळले. राणी आतल्या कपड्यांवर बसली आहे म्हणाले, लियों शहरातल्या रेशमाच्या धंद्याला बुडवते आहे म्हणाले. चित्र उतरवावं लागलं. राणीला अंगावर काय आहे म्हणून बोल लावणारे तेव्हाही होते, आणि कपड्यामागे तेव्हाही धंद्याचं भांडण होतं. तुमच्या ऑफव्हाइट ड्रेसचं मूळ शोधत गेलात, तर त्या झग्यापर्यंत जाल. आणि मलमल तर आपल्याच बाजूची, बंगालची.

एक दुवा तर अगदी मुंबईतला. ३० मार्च २०२३ रोजी दिओरचा शो गेटवे ऑफ इंडियासमोर झाला, दाराशी प्रचंड तोरण लावून. ते तोरण आणि कपड्यांवरचं भरतकाम मुंबईच्या 'चाणक्य' कार्यशाळांमधलं होतं. युरोपातल्या बड्या घरांचं टिकली-मोत्यांचं, आरीचं, जरदोसीचं काम वर्षानुवर्षं मुंबईत होत आलं आहे. मोठ्या लाकडी खाटल्यावर कापड ताणून चार-सहा कारागीर मांडी घालून बसतात, आणि हे कारागीर पिढ्यान् पिढ्या पुरुषच. चाणक्यने बायकांना हे काम शिकवणारी शाळा काढली ती त्यामुळेच. गंमत बघा, जगातल्या सगळ्यात 'बायकी' म्हणवणाऱ्या कपड्यांवरची नाजूक फुलं मिशीवाल्या कारागिरांच्या हातांनी भरलेली. त्या हातांना कुणी बाहुली म्हणत नाही.

तेव्हा झालरीत बाईपणाचं ओझंही नाही आणि मुक्तीही नाही. झालर म्हणजे कापडाची पट्टी, दीडपट-दुप्पट लांब घेऊन चुण्या घातलेली. अभ्यासगटात तुम्ही जे शिकलात ते झालरीबद्दल नव्हतंच. बाईने कसं दिसावं हे दुसऱ्याने ठरवू नये, हे तुम्ही शिकलात. मग तो नियम दोन्ही बाजूंनी लागतो. झालर लावच म्हणणाऱ्याला लागतो, तसा लावू नको म्हणणाऱ्यालाही. लेक त्यात आली, ऑफिस आलं, मीही आले.

वयाचा प्रश्न मी लवकर आटोपते, कारण त्यात फारसं काही नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झालर हास्यास्पद दिसत नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अठरा दिसायचा खटाटोप केविलवाणा दिसतो, पण तो झालरीशिवायही करता येतो. दोन्हींत फरक कुठे पडतो? माझ्या मते आरशापुढे मनात काय चाललंय त्यावर. 'यात मी लहान दिसते का?' असं विचारत असाल, तर ड्रेस परत ठेवा. 'यात मी खूश आहे का?' असं विचारत असाल, तर घाला.

खरी काळजी मला दुसरीच आहे. हा ड्रेस तुम्ही न बघता मागवलात. तो कसल्या कापडाचा आहे ते पत्रात नाही. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच पत्रांत हीच फसगत असते, म्हणून इतर वाचकांनीही हे वाचावं. रॅम्पवर जी शिफॉन तरंगते ती बहुतेकदा रेशमी. ऑनलाइन दोन-पाच हजारांत जी येते ती बहुतेकदा पॉलिएस्टर. पॉलिएस्टरच्या चुण्या पडत नाहीत, फुगतात. जिथे पाण्यासारखं ओघळायला हवं तिथे कागदाच्या पंख्यासारखं उभं राहतं, घाम शोषत नाही, आणि तासाभरात चेहऱ्यावरचा सगळा रोमान्स वितळून जातो. आपल्याकडच्या हवेत मलमल, कॅम्ब्रिक, व्हॉइल, नाहीतर सरळ हकोबा घ्यावा. हकोबाला आपण फार घरगुती समजतो, पण बारीक भोकं पाडून कडा शिवलेलं हेच पांढरं सुती कापड युरोपातल्या उन्हाळी कपड्यांत मानाने मिरवतं. जाळी हवी असेल तर आतून सुती अस्तर हवंच. नेट टोचते, आणि टोचणारा कपडा माणसाला चिडचिडं करतो.

मग बेत. तुमच्या ड्रेसवर एकाच वेळी चार गोष्टी आहेत. बाही, झालर, लेस, बो. रॅम्पवर हे चालतं, कारण तिथला कपडा शंभर फुटांवरून आणि फोटोत दिसायचा असतो, चाळीस पावलं चालायचं आणि आत जायचं. गेट-टुगेदरला तुम्ही सहा तास असणार, जेवणार, गळ्यात पडणार, कुणीतरी अंताक्षरी काढणार. चारातल्या दोनच गोष्टी बोलू द्या. अंगाने भरलेल्या बायकांनी फुग्याच्या बाह्या टाळाव्यात, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. फुगा कुठे आहे, यावर सगळं असतं. खांद्याच्या टोकावरच चुण्या घेतल्या तर खांदा उचललेला, छान दिसतो. दंडाच्या मध्यावर इलॅस्टिक घालून फुगवला तर दंड आहे त्याहून रुंद दिसतो आणि रक्त अडून वळ उठतो ते वेगळंच. झालरीचंही तसंच. पहिला थर पोटावर सुरू होत असेल तर शिंप्याकडून तो चार बोटं खाली घेऊन घ्या. ऑफव्हाइटबद्दल, तुमच्या आईची क्षमा मागून, सांगते की सावळ्या रंगावर ऑफव्हाइट जितका खुलतो तितका दुसऱ्या कशावर खुलत नाही. चुन्यासारखा निळसर पांढरा नको, सायीसारखा हवा.

कपडा घालून दोन्ही हात वर करा, खाली वाका, जमिनीवर मांडी घालून बसा, जिना चढा. यांतलं एकही जमत नसेल तर तो पोशाख तुमच्यासाठी शिवलेला नाही, मग तो कुठल्याही घराचा असो. लेकीच्या 'बाहुली'ला माझ्याकडे हीच कसोटी आहे. बाहुलीला हात वर करता येत नाहीत. आणि खिसा लावून घ्या, चुण्यांच्या आत तो दिसतही नाही. स्कूटरवरून जाणाऱ्यांनी मात्र तीन थरांची लांब झालर, मोठा घेर आणि मोकळे बो गुंडाळून, मांडीखाली दाबून बसावं, नाहीतर सरळ रिक्षा करावी. चाकात ओढणी अडकून गेलेल्या बायकांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. फॅशनच्या पानांवर हे कुणी छापत नाही.

पैशाचं काय? सीझन नावाची गोष्ट दुकानदाराच्या सोयीची असते. न्यू यॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस या क्रमाने सप्टेंबर-ऑक्टोबरात पुढच्या उन्हाळ्याचे कपडे दाखवतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या हिवाळ्याचे. म्हणजे बघणाऱ्याला कायम सहा महिने मागे असल्यासारखं वाटत राहावं, अशी व्यवस्थाच आहे. त्यांचा वसंत आपल्याकडे दुकानात पोचेपर्यंत विदर्भात पंखे फुल स्पीडवर असतात. हे वेळापत्रक तुमच्यासाठी केलेलंच नाही, तर त्याला उशीर झाल्याची खंत तुम्ही का करावी? ६,४०० रुपयांचा हिशोब सोपा आहे. कपाटात राहिला तर सगळे वाया. सोळा वेळा घातला तर एका वेळेचे चारशे. मूर्खपणा झालाच असेल तर तो विकत घेण्यात नाही, लेबल न काढण्यात आहे. पण पुढचं घेताना सहा हजार लागणार नाहीत. आईच्या किंवा सासूबाईंच्या विरलेल्या मलमल-व्हॉइलच्या साड्या असतील, त्यांतून ब्लाउज-टॉप निघतात. शिंप्याला मोबाइलवर चित्र दाखवा, पण नुसतं चित्र दाखवून निघून येऊ नका. चुण्या दीडपट की दुप्पट, बाहीला अस्तर हवं की नको, झालरीची कड पिको की दुमडून शिवायची, हे उभं राहून बोलून घ्या. आमच्या गल्लीतले मास्तर म्हणायचे, बाई चित्र आणतात आणि कापड विसरतात.

ऑफिससाठी वेगळा सल्ला. तिथे एकदम तीन थर घेऊन जाऊ नका. तुम्ही घाबरावं म्हणून नव्हे, तर तिथे तुम्हाला दिवसभर काम करायचं आहे आणि कपड्यावर बोलण्यात तो दिवस जाऊ नये म्हणून. सुती साडीवर फुग्याच्या बाहीचं ब्लाउज घाला. आपल्या पणज्यांच्या फोटोंत तसलीच पोलकी आहेत, त्यामुळे त्याला कुणी फॅशन म्हणणारही नाही. कुर्त्याच्या कॉलरला बोटभर लेस लावा. आणि पुन्हा कुणी "आज कुणाचं लग्न?" म्हणालं, तर "मंगळवारचं" म्हणा आणि फाइल पुढे सरकवा. स्पष्टीकरण देऊ नका. एकदा दिलं की रोज मागतात.

लेकीचं मात्र इतक्या झटपट उरकू नका. तिने जे म्हटलं ते तुमचंच वाक्य आहे, तुम्ही पंधरा-वीस वर्षं तिला शिकवलेलं. ते तिने परत केलं तेव्हा तुम्हाला लागलं, पण मला त्यात थोडी भीतीही दिसते. आई म्हणजे सुती साडी, हा तिच्या जगाचा खांब आहे. तो खांब एकदम लेसची कॉलर लावून बाहेर आला. तिला दिओर आणि चिंट्झ ऐकवू नका, तिला वादात हरवल्यासारखं होईल. तिला तो कंस सांगा. मावशीचा फ्रॉक कसा होता, कुठल्या रंगाचा, आईने तो कुठल्या दिवशी दिला, तुम्ही तेव्हा काय म्हणालात. ही गोष्ट तिला ठाऊक नसावी, असा माझा अंदाज आहे. नंतर तिच्या ढगळ टी-शर्टांबद्दल विचारा, आणि उलटतपासणीच्या सुरात नको. कदाचित तिलाही कुणीतरी काहीतरी म्हटलेलं असेल. हे सगळं ऐकूनही तिला ड्रेस आवडला नाही, तर न आवडू दे. तिची संमती हवी, हे तुम्ही धरून चाललात, आणि मला तेच मोडायचंय. प्रेम असलं की संमती लागतेच असं नाही.

डिसेंबरात काय करावं? तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. सगळा ड्रेस आहे तसा घालणं, न घालता नेहमीच्या साडीत जाणं, किंवा ड्रेस थोडा शांत करून घालणं. साडीत गेलात तरी काही बिघडत नाही, पण मग त्या संध्याकाळी तुम्ही कपाटातल्या ड्रेसचा विचार करत बसाल, असं पत्रावरून वाटतं. आहे तसा घालायचा तर पहिल्यांदाच चाळीस माणसांसमोर नको. आधी एकदा भाजी आणायला घालून जा. खरंच सांगते. कोथिंबिरीच्या दोन जुड्यांचा भाव करताना ज्या कपड्यात अवघडल्यासारखं होत नाही, तो कपडा आपला झाला. मी स्वतः तिसरी वाट धरेन. दहावीच्या बॅचमध्ये तुमच्या मामेबहिणीसारखीही कुणी असेल, जिला लहानपणी सगळं शोभायचं. ती तुम्हाला बघून काय म्हणते, ते मला जरूर कळवा.

शांत करायचं म्हणजे मुख्यतः तो बो. तो सुटा आहे की गळ्याला शिवलेला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. सुटा असेल तर प्रश्नच नाही. शिवलेला असेल तर मास्तरांकडून उसवून घ्या आणि मागे दोन टिचबटणं लावायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. मग कार्यक्रमाच्या दारात उभं राहून, त्या क्षणी जसं वाटेल तसं, लावा किंवा पर्समध्ये टाका.